ज्येष्ठमधातलं मीठ

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी कशासाठी चिकटवायची, हे परवा मी सुनेला समजावत होतो. तिला वाटलं, नाव लिहायला. अगं, नाव कशाला! पट्टीच्या कडेला कात्रीने सारख्या अंतरावर खाचा पाडायच्या. जेवढ्या खाचा तेवढे डोस. अक्षर न ओळखणारी बाईसुद्धा खाचेवर अंगठा ठेवून सकाळ-दुपार-संध्याकाळचं औषध बरोबर ओतायची. पालघरच्या दवाखान्यात खिडकीआड उभं राहून मी बत्तीस वर्षं अशा पट्ट्या कापल्या आणि कधी फुटपट्टी हातात धरली नाही. सून म्हणाली, "बाबा, तुमचा तोरा काही उतरत नाही." कसा उतरेल? उतरायला तो काही उसना आणलेला नाही.

मी कंपाउंडर होतो. हल्ली हा शब्द उच्चारला की लोक हसतात. पण त्या काळी गोळ्या थोड्या आणि मिक्श्चरं फार. डॉक्टर चिठ्ठीवर चार ओळी खरडायचे आणि खिडकीआड मी त्या ओळींचं औषध करायचो. खल, छोटा तराजू, औंसाचा काचेचा पेला आणि मागे फळीवर ओळीने मांडलेल्या मोठ्या बरण्या, एवढा माझा संसार. कडू औषध घशाखाली कसं उतरवायचं, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसायचं. ते माझं काम. डोंगराकडून दिवसभर चालत आलेला एक म्हातारा लाल औषधच मागायचा, कारण त्याच्या भावाला लाल औषधाने गुण आला होता. त्याचं मिक्श्चर पांढरं. मी काय करायचो, आत जाऊन त्यात खायच्या लाल रंगाचे दोन थेंब टाकायचो. म्हातारा बाटली उन्हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "हां! हाच." त्याला बरं वाटायचं आणि मलाही.

आता मुद्द्याचं. "माझं मन आजारी आहे" असं सांगत खिडकीशी कधीच कोणी आलं नाही. "जीव घाबरा होतो," "डोक्यात वारं भरलंय," "छातीत कबुतर फडफडतं," असं सांगायचे. आमचे डॉक्टर बुटके, तापट, पण अशा माणसापुढे एकदम मऊ व्हायचे. घरात कोण आहे, जेवण जातं का, झोप लागते का, असं विचारत बसायचे. मग चिठ्ठीवर ब्रोमाइड मिक्श्चर लिहायचे. त्या दिवसांत डोकं शांत करायला आमच्यासारख्या दवाखान्याकडे तेच होतं. खिडकीबाहेर त्याला लोकांनी नाव दिलं होतं 'निजेचं पाणी'.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोईसर स्टेशनात उतरणाऱ्यांत हिंदी बोलणारे जास्त आणि आमच्याकडची तरणी पोरं वाडी सोडून तिकडे धावायला लागलेली. शिरगावच्या दामूकाकांचा वसंत त्यांतलाच. दामूकाकांची नारळाची आणि पानवेलीची वाडी. पोराने वाडी बघावी हा बापाचा हट्ट, तर पोराला लोखंड-सिमेंटचं वेड. एका सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं. बाप म्हणाला, "जातोस तर जा, परत पाऊल टाकू नको." पोरगा गेला. कुठे गेला ते सांगूनही गेला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

वसंताच्या आईला, यमुनाकाकींना, झोप येईनाशी झाली. दामूकाका त्यांना घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. उंच, काळ्यासावळ्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पण डोळे रडून रडून सुजलेले. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि आठ दिवसांचं ब्रोमाइड लिहून दिलं. मी बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि खिडकीतून देताना ठरलेलं वाक्य टाकलं, "पथ्य सांभाळा काकी. तिखट, आंबट, खारट कमी."

हे वाक्य मी सगळ्यांनाच सांगायचो. खोकला असो, खरूज असो, तिखट-आंबट-खारट कमी. पथ्य सांगितलं नाही तर लोकांना औषधात दम वाटत नसे. काकी म्हणाल्या, "खारट कुठलं रे भाऊ, मी मीठच सोडलंय. वसंत घरी येईस्तोवर अळणी खाईन, असं गावदेवीपुढे बोलले हाय."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अरे वा, मग तर उत्तमच!"

आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मीठ सोडायचं म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळेल. मीठ सुटलं म्हणजे सुकी मासळी सुटली, लोणचं सुटलं, पापड सुटला. काकी सगळ्यांचं रांधायच्या, मीठ घालायच्या ते अंदाजाने, चव बघायला मुलीला, सुमनला, हाक मारायच्या आणि स्वतः ताकभात अळणी खायच्या.

आठ दिवसांनी दामूकाका रिकामी बाटली घेऊन आले. "झोप लागली भाऊ. तेच भरून द्या." डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी. मी भरून दिलं. त्यात वावगं कोणालाच वाटत नसे, रीतच तशी होती. बाटली धुऊन आणायची, खिडकीत ठेवायची, कंपाउंडरने भरायची. पेशंट घरी, बाटली दवाखान्यात. पुढे दामूकाका येत राहिले, मी भरत राहिलो. एकदा ते म्हणाले, "हल्ली जरा भ्रमल्यासारखी करते." मी म्हणालो, "काळजीने होतं हो. औषध चालू ठेवा." डॉक्टर शेजारच्या खोलीत बसलेले होते! उठून दहा पावलं जायची आणि विचारायचं, एवढंच काम. पण माझ्या बाटल्यांवर माझा एवढा विश्वास की दहा पावलं कशाला टाकायची?

थंडीचे दिवस आले. वालाच्या शेंगा बाजारात आल्या होत्या, म्हणून ते दिवस पक्के लक्षात आहेत. एका सकाळी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. दामूकाका खाली उतरले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खिडकीत बाटली ठेवून म्हणाले, "भाऊ, भरून दे. आन् डॉक्टरांची चिठ्ठी पायजे. हिला ठाण्याला नेतोय."

ठाण्याला नेतो म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्या भागात कोणाला विचारावं लागत नव्हतं.

"काय झालं काका?"

"काय व्हायचं राहिलं? चालताना झोकांड्या जाते. जीभ जड झालीय. माडाकडे बघून वसंताशी बोलते. गजऱ्याची फुलं भाताच्या टोपात टाकली. भगत आणला, त्यानं दोन कोंबड्या घेतल्या, अंगारा लावला, काय फरक नाय. काल सुमन पाणी घेऊन गेली तर तिलाच विचारते, कोण गो तू? पोरगी रडरड रडली." त्यांनी बाटली पुढे सरकवली. "तिचं लगीन ठरत आलंय. लोक बोलायला लागले, आई वेडी हाय. आता घरात ठेवून भागायचं नाय. गाडीत गप बसायला हवी, म्हणून बाटली भर."

मी औंसाचा पेला हातात घेतला. ब्रोमाइडची बरणी खाली काढली. आणि दामूकाका आपले बोलतच होते, "तोंडावर तर एवढे फोड उठलेत. तिखट नाय, मीठ नाय, बामणासारखं अळणी खाते, तरी फोड कशाचे येतात कोण जाणे."

मीठ नाही. माझा हात तिथेच थांबला. का थांबला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. शास्त्र मला ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं, की ही बाई आपण औषध द्यायला लागल्यापासून बिघडत चाललीय. ती दहा पावलं मी त्या दिवशी टाकली. "साहेब, जरा गाडीपाशी येता का?"

डॉक्टर गाडीत चढले. काकी बसल्या होत्या, गजरा नव्हता, पदर एकीकडे, कपाळावर आणि गालांवर मुरमासारखे फोड. डॉक्टरांनी जीभ बघितली, बोटाच्या मागे नजर फिरवायला लावली, खाली उतरवून चार पावलं चालवलं. काकी माझ्या अंगावरच कलंडल्या. डॉक्टरांनी विचारलं, "औषध काय चाललंय?"

"ब्रोमाइड."

"अजून? मी आठ दिवसांचं लिहिलं होतं. कोण भरतंय?"

"मी."

"खाते काय ही?"

"अळणी खातात साहेब. मीठ सोडलंय. पहिल्या दिवशीच मला सांगितलं होतं."

डॉक्टर आत गेले आणि कपाटातलं जाड पुस्तक काढून वाचत बसले. मग मला बोलावलं, दार लावलं. त्यांनी जे सांगितलं ते सोप्या शब्दांत असं. मीठ आणि ब्रोमाइड ही शरीरात एकाच दाराने ये-जा करणारी भावंडं. पोटात मीठ जात असलं की ते ब्रोमाइडला लघवीवाटे बाहेर ढकलतं. मीठ बंद झालं की ब्रोमाइड आतच मुक्काम ठोकतं, साचत जातं, आणि साचलं की माणसाला भ्रम होतो, विसर पडतो, तोल जातो, नाही ते दिसतं. अंगावर फोडही येतात.

"म्हणजे काकींना वेड लागलेलं नाही?" मी विचारलं.

"वेड आपण बाटलीत भरून दिलंय," डॉक्टर म्हणाले. "मी पथ्यपाणी विचारलं नाही ही माझी चूक. न विचारता बाटल्या भरल्या ही तुमची. तुमच्या हातांनी चढलंय, तुमच्याच हातांनी उतरवा. ब्रोमाइड आजपासून बंद. मीठ आणि भरपूर पाणी. उतरायला पंधरा-वीस दिवस लागतील."

दामूकाकांना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की हा औषधाचा दोष आहे, ते बंद करा, मीठ आणि पाणी द्या, पंधरा दिवस थांबा. कोणाच्या हातचा दोष ते बोलले नाहीत. माझ्याकडे मात्र बघितलं. मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. तरुण होतो, नोकरी जाईल, गावात तोंड काळं होईल, असली भीती. ते गप्प राहणं मला पुढे फार जड गेलं.

दामूकाका म्हणाले, "पंधरा दिवस. एकही वर नाय. नायतर मी तिला नेणार." आणि गाडी शिरगावकडे वळली.

वाटलं, चला, उपाय काय तर मीठ! ज्या मुलखात मिठागरं आहेत तिथे मिठाची काय वाण? पण दुसऱ्या दिवशी सुमन धावत दवाखान्यात आली. "भाऊ, आई मीठ घेत नाय! पेजेत टाकलं तर थुंकून टाकते. म्हणते, वसंत आला नाय अजून."

बघा काय असतं माणसाचं डोकं! पोटची मुलगी विसरली, वार विसरली, भाताचं टोप आणि फुलांची परडी यांतला फरक विसरली. पण नेम विसरली नाही.

डॉक्टर म्हणाले, "नळीने घालायचं तर इथे दाखल करावं लागेल, ती घाबरेल, आणखी बिघडेल. अशा माणसाला आपलं घर, आपली माणसं सोडायला लावू नये." मग मला म्हणाले, "तुम्ही कंपाउंडर ना? मग करा कंपाउंड."

आता इथे मी जरा फुशारकी मारणार आहे, सहन करा. कडू चव लपवणं सोपं, तुरट त्याहून सोपं. खारट मात्र लबाड असतं. साखर घाला, वरून खारट लागतंच. पेपरमिंट घाला, खारट पेपरमिंट लागतं. मी दुपारभर वाट्या मांडून बसलो आणि चाखून चाखून माझीच जीभ सोलवटून निघाली. शेवटी हाताशी आलं ज्येष्ठमध. त्याचा गोडवा उशिरा येतो आणि जिभेवर ठाण मांडून बसतो. खारट चव त्याच्या आड दडते. ज्येष्ठमधाचा दाट काढा, थोडा आल्याचा अर्क, ओव्याचं पाणी आणि त्यात मिठाचा डोस. वर तपकिरी रंग. कंपाउंडरबाबू, शाबास, असं मी स्वतःच स्वतःला म्हणालो. डॉक्टरांनी चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा घेतलं आणि म्हणाले, "मीठ कुठाय?" असं शिफारसपत्र मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

बाटली घेऊन मी सायकलवर टांग टाकली. पालघर ते शिरगाव, तिथल्या किल्ल्याच्या अलीकडे दामूकाकांची वाडी. दामूकाकांनी विचारलं, "हिचा नेम तर मोडायचा नाय ना?" मी म्हणालो, "औषध आहे, काका." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

काकींनी पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला. त्यांनी गिळला. मग वर दोन पेले पाणी. दिवसातून चार वेळा द्यायचं होतं. तीन वेळा सुमन द्यायची आणि चौथ्याला दवाखाना सुटला की मी जायचो, रोज. डॉक्टरांनी बाकीच्याही सूचना बजावल्या होत्या. रोजचीच जागा, रोजचीच माणसं. आसपास सतत कोणीतरी पाहिजे. माडाकडे बघून बोलल्या तर वाद घालायचा नाही, "वसंत नाही तिथे" म्हणून ओरडायचं नाही, हात धरून बसायचं. हाताला सवयीचं काम द्यायचं. सुमनने वालाच्या शेंगांची टोपली पुढ्यात ठेवली. पहिल्या दिवशी काकींनी दाणे फेकले आणि टरफलं टोपात टाकली. सुमन मुकाट्याने दाणे वेचत राहिली. त्या पोरीचं मला फार कौतुक वाटायचं.

चार दिवस काही फरक नाही. दामूकाका ओटीवर बसून रोज मोठ्याने दिवस मोजायचे. पाचव्या संध्याकाळी काकींनी घोट घेतला आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. नजर स्थिर होती. "हे औशद कुठलं रे?"

"मुंबईहून येतं काकी."

"मुंबईहून? बरं बरं." आणि राहिलेला डोस एका दमात पिऊन टाकला.

त्या दिवसापासून पेला पुढे केला की स्वतःच हातात घ्यायच्या. एकदा तर सुमन विसरली तेव्हा त्यांनीच आठवण केली. मला वाटलं, माझं ज्येष्ठमध त्यांना आवडलंय. केवढा फुगलो होतो मी!

मग हळूहळू उतरत गेलं. आधी पाय सरळ पडायला लागले. मग जीभ मोकळी झाली. माड नुसता माड राहिला. दाणे टोपात आणि टरफलं बाहेर पडायला लागली. तेरावा दिवस असेल. मी ओटीवर बसलो होतो. सुमन केस मोकळे सोडून अंगण झाडत होती. आतून काकींचा आवाज आला, खणखणीत, "सुमन! वेणी घाल आधी. सोयरे येतील तर काय म्हणतील, काय अवतार हा!"

सुमनच्या हातातला झाडू गळून पडला. ती धावत आत गेली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. दामूकाका उठून वाडीत निघून गेले. बराच वेळ माडाच्या बुंध्याशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, लपवण्यात काय अर्थ. ठाण्याची चिठ्ठी डॉक्टरांनी कधी लिहिलीच नाही.

पण डोकं साफ झालं तशी जुनी काळजी जागेवर परत आली. झोप पुन्हा उडाली. डॉक्टर म्हणाले, "आता बाटली नाही. हिच्या झोपेचं औषध तिकडे बोईसरला असणार, शोधा."

दवाखान्याच्या खिडकीत बसलेल्याला कुठल्या गावात काय शिजतंय ते कळतं. मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटलो. बोईसरजवळच्या कुंभवलीचा एक पोटदुखीवाला म्हणाला, शिरगावचा एक पोरगा आमच्या पडवीत भाड्याने राहतो, बांधकामावर लोखंड बांधतो. रविवारी मी कुंभवली गाठली. पडवीत दोघे-तिघे कामगार भात रांधत होते. "वसंत? अरे, वो सरियावाला! ओ वसंत, तेरे गाँव से कोई आया है!"

वसंत आला. आईचेच डोळे. मला बघून चेहरा उतरला. "बाबांनी पाठवलं?"

"बाबांना ठाऊकही नाही. तुझ्या आईने तू गेल्यापासून मीठ सोडलंय."

तो मटकन खाली बसला. "मीठ? आईनं? तिला सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाय!"

"आजारी होती. तुझ्या बहिणीलाही ओळखत नव्हती. आता बरी आहे."

"बाबा घरात घेतील?"

"ते मला माहीत नाही. पण तुझी आई रोज संध्याकाळी वाटेवर डोळे लावून बसते, ते मी या डोळ्यांनी बघितलंय. काम सोड असं कोणी म्हणत नाही. तोंड दाखव."

मी परत आलो. येतो की नाही याची खात्री नव्हती, म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

होळीच्या आदल्या दिवशी वसंत शिरगावात आला. दामूकाका दारातच होते. म्हणे, त्यांनी पोराकडे बघितलं आणि आत तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? तुझ्या मिठाचा धनी आला!" एवढंच. बापलेकांचं भांडण त्याच्यावर मिटलं. वसंत पुढेही बांधकामावर राहिला, पण दर रविवारी घरी.

होळीला काकींच्या नेमाची सांगता होती. मला आग्रहाचं बोलावणं. केळीची पानं मांडली. पानावर पहिलं मीठ वाढतात, तसं सुमनने आईच्या पानावर चिमूटभर मीठ वाढलं आणि सगळे जेवायचे थांबले. काकींनी बोट टेकवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. शेजारणींनी हात जोडले. वसंत खाली मान घालून रडत होता. मी मनात म्हटलं, या पंगतीत खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे. आणि हातातला घास पानात परत ठेवला.

जेवणं झाल्यावर मागे विहिरीपाशी हात धुवायला गेलो. काकी तांब्याने पाणी घालत होत्या. आणखी कोणी नव्हतं. मी म्हणालो, "काकी, तुम्हाला काही सांगायचंय. तुम्हाला जे झालं ते माझ्यामुळे झालं. निजेचं पाणी मी डॉक्टरांना न विचारता भरत राहिलो. मीठ नसलं की ते अंगात साचतं. तुम्ही मला सांगितलं होतं मीठ सोडलंय, आणि मी उत्तम म्हणालो."

पाण्याची धार थांबली. "म्हंजे माझं डोकं तुझ्या बाटलीनं फिरलं?"

"हो."

"डॉक्टर औशदाचा दोष बोलला. तुझं नाव नाय घेतलं."

"ते मी सांगायला हवं होतं. भ्यालो."

काकी माझ्याकडे रागाने बघत होत्या, आणि तो राग मीच ओढवून घेतला होता. "माझ्या सुमनला मी विचारलं, कोण गो तू. तिचं तोंड कसं झालं होतं ते मला आठवतं, भाऊ. बाकी काय आठवत नाय, तेवढंच आठवतं. ते काय जायचं नाय."

"नाही जायचं," मी म्हणालो. "आणि दुसरंही एक आहे. नंतरचं ते औषध..."

"ते मीठ होतं."

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"मिठागराच्या काठावर माझं माहेर," काकी म्हणाल्या. "ज्येष्ठमधात दडवून मला मीठ पाजतोस? पयले चार दिवस समजलं नाय. पाचव्या दिवशी जीभ जाग्यावर आली. मुंबईचं औशद म्हणे!"

"मग थुंकून का नाही टाकलंत? नेम होता ना?"

"नेम मोडला तो मी मोडला. तुझ्या डोक्यावर नाय तो. जाणूनबुजून प्याले मी, रोज." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पोटची पोर समोर उभी आन् मी तिला वळखली नाय. उद्या वसंत दारात आला आन् त्यालाच मी विचारलं, कोण रे तू? तर देवीनं त्याला आणून काय उपेग, सांग मला! देवीला बोलले, पोर तू आण, त्याला वळखायचं मी बघते."

त्या म्हणाल्या, "मी हाय तवर कोणाला सांगू नको. त्याला वाटू दे, आईनं शेवटपर्यंत मीठ खाल्लं नाय."

मी सांगितलं नाही. काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या पंगतीनंतर दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्याच्या खिडकीवर पुठ्ठा टांगला, 'आधी माणूस दाखवा, मग बाटली.' लोक चिडायचे, भांडायचे, मला पाठीमागे 'माणूस दाखवा' म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत मी तो पुठ्ठा उतरवला नाही आणि पेशंट डॉक्टरांपुढे गेल्याशिवाय एकही बाटली दुसऱ्यांदा भरली नाही. माझ्या सरळ पट्ट्यांपेक्षाही मला त्याचा अभिमान आहे.

त्या दिवशी विहिरीपाशी आम्ही दोघे तसेच उभे होतो. तेवढ्यात पडवीतून हाक आली, "आई, हातावर पाणी घाल गं!"

काकींनी मागे वळूनही बघितलं नाही. तांब्या भरून घेतला आणि म्हणाल्या, "आले रे, वसंता."